पेटी सांभाळायला एम. ए. कशाला?

रविवारची सकाळ. शेजारच्या अण्णांकडे चहाला बसलो होतो. अण्णांचे घराणे विणकरांचे. आजोबा तेलंगणातून पोट घेऊन सोलापुरात आले, वडील मिलमध्ये लागले आणि अण्णांनी स्वतःचे चार यंत्रमाग टाकले. घरात तेलुगू, दारात मराठी आणि बाजारात या दोन्हींना कानडीची फोडणी, हा सोलापूरचा शिरस्ता या घरातही आहे. धाकटी मुलगी यंदा इतिहास घेऊन बी. ए. झाली. आता बी. एड. करील, नाहीतर स्पर्धा परीक्षेला बसेल, असा सगळ्यांचा हिशेब होता. तिने मात्र चहाचा कप माझ्या हातात देता देता बॉम्ब टाकला.

"काका, तुम्हीच सांगा यांना. मला म्युझियमचं शिकायचंय. संग्रहालयशास्त्र. दोन वर्षांचं एम. ए. असतं, बडोद्याला."

अण्णा हसले. मग गंभीर झाले. "सर, मला एक समजत नाही. जुन्या वस्तू सांभाळायला एम. ए. कशाला लागतं? आमच्या अव्वानं साठ वर्षं पेटी सांभाळली की! ती कुठल्या कॉलेजात गेली होती?"

प्रश्न बिनतोड होता. त्या वेळी मला उत्तर सुचले नाही, हे कबूल करतो. आठवडाभर तो डोक्यात घोळत राहिला, आणि जसजसा शोध घेत गेलो तसतसे वाटू लागले, की अण्णांचा प्रश्न एकट्या अण्णांचा नाही. तो आपल्या सगळ्या गावाचा आहे.

पदवीविना उभे राहिलेले

अण्णांची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. महाराष्ट्रातली काही फार मोलाची संग्रहालये ज्यांनी उभी केली, त्यांच्याजवळ या विषयाची कुठलीच पदवी नव्हती. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. घरचे दुकान चष्म्यांचे. त्यांना वेड लागले ते रोजच्या वापरातल्या वस्तूंचे. अडकित्ते, दिवे, दौती, कुलपे, वाद्ये, असे काय काय त्यांनी गावोगाव हिंडून जमवले. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय केले आणि १९७५ साली तो सारा संसार महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली डोंगरावर भवानी संग्रहालय बांधले.

आणि आपल्या अगदी जवळचे उदाहरण म्हणजे बार्शीपलीकडचे तेर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात ज्या 'तगर' नगराचा उल्लेख येतो, ते हेच. तिथून भडोचच्या बंदराकडे गाड्या भरभरून कापड जात असे, असे तो दर्यावर्दी लिहून गेला आहे. म्हणजे या मुलखातला कापडाचा धंदा गिरणीपेक्षा, आणि सोलापूर शहरापेक्षाही, किती जुना आहे बघा! या तेरमध्ये रामलिंगप्पा लामतुरे नावाचे एक गृहस्थ होते. पावसाळ्यात पांढरीची टेकाडे धुऊन निघाली, की मणी, नाणी, मातीच्या मूर्ती उघड्या पडत. गावाला ते खापराचे तुकडे. लामतुऱ्यांना मात्र ते धन. हजारो वस्तू त्यांनी वेचल्या. इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या अवशेषांत सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जिचे नाते जोडले जाते, अशी हस्तिदंती बाहुली तेरलाच मिळाली. आज तिथल्या शासकीय संग्रहालयाला लामतुऱ्यांचेच नाव आहे.

आमच्या सोलापूरचे आनंद कुंभार घ्या. भीमा आणि सीना यांच्या संगमावर हत्तरसंग-कुडलला शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा लेख उजेडात आला तो त्यांच्यामुळे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. आयुष्यभर हा माणूस जिल्ह्यातले दगड वाचत हिंडला.

मग अण्णांचे खरेच की! वेड हवे, पदवी कशाला?

वेड एका पिढीचे असते

घोडे पेंड खाते ते इथेच. वेड वारसाहक्काने मिळत नाही. जमवणाऱ्याच्या डोक्यात प्रत्येक वस्तूची जन्मकुंडली असते. ही वस्तू कुठून आणली, कोणाकडून घेतली, तिचा उपयोग काय, हे त्याला तोंडपाठ असते. तो गेला, की ती कुंडली त्याच्याबरोबर जाते आणि मागे उरतो वस्तूंचा ढीग. त्या ढिगाचे संग्रहालय करणे हे वेडाचे काम नाही, ते विद्येचे काम आहे.

ही विद्या शिकवतात तरी काय? पहिली गोष्ट, नोंद. वस्तू दारातून आत आली की तिला क्रमांक मिळतो आणि नोंदवहीत तिची हकीकत लिहिली जाते: काय आहे, कशाची आहे, मापे किती, कोणी दिली, कुठे सापडली, कोणत्या अवस्थेत आहे. तेरच्या मातीत सापडलेला मणी आणि बाजारात विकत घेतलेला मणी दिसायला सारखेच. पण पहिल्याला गाव आहे, दुसरा अनाथ आहे. नोंद हरवली की पहिलाही अनाथ होतो.

दुसरी गोष्ट, जतन. इथे तर आपल्या घराघरांतल्या समजुतींना धक्के बसतात. उदाहरण कापडाचेच घेऊ. उजेडाने कापडाचा रंग उडतो हे आपल्याला ठाऊक असते; पण ते नुकसान साठत जाते आणि कधीच भरून येत नाही, हे लक्षात येत नाही. म्हणून चांगल्या संग्रहालयात जुन्या वस्त्रांवर ५० लक्सच्या वर प्रकाश पडू देत नाहीत. आपल्याला तो अंधार वाटतो आणि आपण रखवालदारावर चिडतो! जुन्या साडीची घडी वर्षानुवर्षे तीच ठेवली, तर तिथेच ती चिरते. त्यासाठी ती नळीवर गुंडाळतात किंवा घडीत मऊ कागद घालतात. पूर्वी लोखंडाच्या क्षारांनी काळा रंग पक्का करीत. त्यामुळे जुन्या कापडात इतर भाग धडधाकट असतो आणि नेमके काळे काठ विरून जातात. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते आणि बुरशी धरते. कसर लागलेले लोकरी वस्त्र नीट बंद करून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेवले, तर औषध न मारता कीड मरते. आपल्या पूर्वजांची वेखंड, कडुनिंबाचा पाला आणि लाल रुमालातली दप्तरे यांतही शहाणपण होतेच. पण कशाचा उपयोग होतो आणि कशाचा डाग पडतो, हे तपासून घ्यावे लागते. या तपासण्याचेच शास्त्र होते.

तिसरी गोष्ट, सांगणे. कोणती वस्तू कशाशेजारी मांडायची, चिठ्ठीवर काय लिहायचे, चौथीतल्या पोराला काय दाखवायचे, दृष्टिहीन माणसाला काय हाताळू द्यायचे. लेबलावर नुसते 'तलवार' एवढेच लिहिले असेल, तर पोरगे पुढे पळणारच. तलवार आहे हे त्यालाही दिसते!

वाट बडोद्याची

या शिक्षणाची आपल्या देशातली सुरुवात बडोद्याला झाली, याचा मराठी माणसाला विशेष अभिमान वाटायला हरकत नाही. मालेगावजवळच्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक जाऊन सयाजीराव महाराज झाला. त्यांच्या कारकिर्दीत, १८९४ साली, बडोद्याच्या संग्रहालयाची इमारत पुरी झाली. पुढे त्यांच्याच नावाच्या विद्यापीठात १९५२ साली संग्रहालयशास्त्राचा विभाग निघाला, देशातला पहिला. १९५९ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने तो सुरू केला. १९८९ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय संग्रहालयाची शिक्षणसंस्था उभी राहिली, ती पुढे नोएडाला हलली. बनारसलाही हा विषय शिकवतात. मुंबईला गेलात, तर १९२२ साली लोकांसाठी खुले झालेले प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे आताचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, हीच मुळी एक शाळा आहे. या विषयाची गंमत अशी, की इतिहासवाल्यांइतकीच रसायनशास्त्राच्या पदवीधराची इथे गरज असते. गंजाचे आणि बुरशीचे गणित त्यालाच सुटते.

इंग्लंडातल्या लेस्टर विद्यापीठात हा विभाग १९६६ साली निघाला, म्हणजे बडोद्यानंतर चौदा वर्षांनी. परदेशाचे नाव ऐकले की मान डोलावणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगितले.

आता अण्णांच्या मनातला, पण त्यांनी न विचारलेला प्रश्न. नोकरी मिळेल का? इथे गोड बोलून उपयोग नाही. सरकारी अभिरक्षकाच्या जागा मोजक्या आणि जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही. खासगी संग्रहालये, अभिलेखागारे, कंपन्यांचे जुने दप्तर, प्रदर्शने मांडणाऱ्या संस्था, जतनाच्या प्रयोगशाळा अशी कामे वाढली आहेत. पण ती बहुतेक मोठ्या शहरांत, आणि सुरुवातीचा पगार बघून शेजारणीचे डोळे दिपतील अशी आशा करू नये. मुलीला हे माहीत असले पाहिजे आणि बापालाही. तरीही जिला जायचे आहे तिला अडवू नये, असे मला का वाटते?

भोंगा कुठे ठेवला?

कारण सोलापूर. १८७७ साली इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे तिलाच लोक 'जुनी मिल' म्हणू लागले, कारण मागोमाग नव्या आल्या. सबंध शहर भोंग्यावर उठत होते, भोंग्यावर जेवत होते. १९३० साली याच गिरणगावाने इंग्रज सरकारला असे हैराण केले, की त्याला इथे मार्शल लॉ पुकारावा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्याला फासावर गेले. त्यांचे पुतळे आपण उभारले. भय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घराचे स्मारक झाले, हेही उत्तम झाले. १९३८ साली चीनला गेलेला हा डॉक्टर १९४२ साली तिथेच वारला; त्याच्या वस्तू, छायाचित्रे बघताना गावाची छाती फुगते.

पण ज्या हजारोंनी गिरणीत जन्म काढला, त्यांचे काय उरले? गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. यंत्रे भंगारात गेली. हजेरीची पुस्तके, पितळी बिल्ले, नक्षीच्या जेकार्डच्या भोकाभोकांच्या पट्ट्या रद्दीवाल्याने किलोवर नेल्या. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. पण पन्नास वर्षांपूर्वीची एक चादर मला दाखवा, अशी कोणी पाहुण्याने मागणी केली, तर आपण कोणाचे दार ठोठावणार? हुतात्म्यांसाठी पुतळा पुरतो. सामान्य माणसाची आठवण मात्र वस्तूतच राहते, आणि वस्तू सांभाळणारे माणूस लागते.

२ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ब्राझीलमध्ये रिओचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. दोनशे वर्षांची ठेव एका रात्रीत गेली. तेव्हा तिथल्या संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी देशाला विनवले, की तुम्ही कधीकाळी तिथे काढलेले फोटो असतील, ते आम्हाला पाठवा. जळालेल्याची निदान नोंद राहावी, हे त्या पोरांना सुचले; कारण त्यांना तेच शिकवले होते. आमचे जळाले नाही. आम्ही ते स्वतःच्या हाताने तागडीत घातले.

पेटी उघडली

पुढच्या रविवारी हे सारे अण्णांना सांगायला गेलो. सांगण्याची वेळच आली नाही. ओसरीवर अव्वांची पेटी उघडी होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत डांबरगोळ्यांसह ठेवलेले लग्नातले लुगडे पोरीने हलक्या हाताने बाहेर काढले होते. पदर झगझगीत, अंगावरचा रंग शाबूत, आणि काळे काठ घडीघडीवर चिरलेले. अव्वा नुसत्या बघत होत्या. साठ वर्षांत त्यांनी ते चारदा उन्हे दाखवायला काढले असेल.

लुगड्याखाली एक फोटो निघाला. मिलच्या फाटकापाशी उभे अकरा गडी. मागे नाव नाही, साल नाही. अण्णांना त्यातले फक्त वडील ओळखता आले. पोरीने फोटो अव्वांच्या मांडीवर ठेवला आणि एकेका चेहऱ्यावर बोट नेत विचारू लागली. अव्वा तेलुगूत सांगत होत्या: हा बॉयलरवरचा, हा आमच्या गल्लीतला, याची बायको माझ्याबरोबर विड्या वळायची. सात नावे निघाली. चार चेहऱ्यांशी त्या थबकल्या, डोळे बारीक केले आणि मान हलवली. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर सांगितलं असतं, म्हणाल्या.

पोरीने मऊ पेन्सिलीने फोटोमागे सात नावे लिहिली. उरलेल्या चौघांपुढे 'माहीत नाही' असे लिहून खाली तारीख घातली.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग मला म्हणाले, "सर, बडोद्याला होस्टेलचा खर्च काय येतो हो?"

ती बडोद्याला जाईल की नाही, हे अजून ठरलेले नाही. पैशांची जुळवाजुळव आहे, आईची समजूत काढायची आहे. पण वाचकहो, तुमच्याही घरात माळ्यावर एखादी पेटी असेलच आणि त्यातली नावे सांगू शकणारे एखादे म्हातारे माणूसही असेल. त्या कामाला मात्र एम. ए. लागत नाही. एक पेन्सिल आणि आजची दुपार पुरे आहे.