आधी बांध, मग गाव

२८ फेब्रुवारी १९६८ रोजी १२४ देशांची मूठ-मूठ माती कमळकळीच्या आकाराच्या एका कलशात ठेवली गेली आणि ऑरोव्हिलची स्थापना झाली. ज्या पठारावर हा समारंभ झाला, तिथली स्वतःची माती मात्र दर पावसाळ्यात वाहून बंगालच्या उपसागरात जात होती.

पुदुच्चेरीच्या उत्तरेला दहाएक किलोमीटरवरचं हे पठार तांबड्या, जांभ्याच्या जातीच्या जमिनीचं. पिढ्यान् पिढ्या झालेली तोड आणि चराई यांनी ते उघडंबोडकं झालेलं. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर, धो धो कोसळून जातो. श्रीअरविंदांच्या सहकारी मीरा अल्फासा, म्हणजे माताजी, यांच्या मनात पन्नास हजार वस्तीचं, कोणा एकाच्या मालकीचं नसलेलं नगर होतं. रॉजर आन्जे या फ्रेंच वास्तुविशारदाने त्याचा आकाशगंगेसारखा वर्तुळाकार आराखडाही केला. पण पहिल्या रहिवाशांना आधी सावली हवी होती, प्यायला पाणी हवं होतं.

म्हणून त्यांनी उताराला आडवे मातीचे बांध घातले, घळी अडवल्या, खड्डे खणून रोपं लावली आणि बैलगाडीतून पाणी आणून ती जगवली. कुईलापाळयम, एडयनचावडी अशा आसपासच्या गावांतली माणसं या कामात होती. त्यांच्याशिवाय हे जंगल उभं राहिलं नसतं. सुरुवातीला लावलेल्या झाडांत आपल्या कोकणातही सामाजिक वनीकरणात आलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ पुष्कळ होती. ती निकस जमिनीत तग धरते, भराभर वाढते, पाचोळा देते. तिच्या आडोशाला पुढे या किनारपट्टीचं मूळचं शुष्क सदाहरित वन परत आणण्याचं काम सुरू झालं. त्याचे अवशेष तेव्हा मुख्यतः गावांच्या देवरायांतच उरले होते. बिया तिथून गोळा झाल्या. डिसेंबर २०११च्या ‘थाने’ चक्रीवादळात असंख्य झाडं आडवी झाली, तेव्हा वनपालन करणारे पुन्हा रोपवाटिकेकडे वळले. शाश्वत जगणं म्हणतात ते मला सर्वांत खरं वाटतं ते इथे, या चिवट, कंटाळवाण्या कामात.

पाहुण्यांना दाखवल्या जातात त्या गोष्टी वेगळ्या, आणि त्याही मोलाच्या आहेत. खणलेल्या मातीत पाचेक टक्के सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेल्या विटा भट्टीत न भाजता वापरतात. सौर स्वयंपाकघराच्या छपरावरची पंधरा मीटर व्यासाची आरशांची वाटी उन्हावर वाफ तयार करते आणि एका वेळी हजारभर माणसांचं अन्न शिजवू शकते. ढगाळ दिवसांसाठी डिझेलचा बॉयलर आहे. तो असण्यात मला काही कमीपणा दिसत नाही.

कमीपणा आहे तो दुसरीकडे. ऑरोव्हिलचे रहिवासी तीन हजारांच्या थोडे वर, आणि त्यांच्याकडे रोज कामाला येणारी आसपासच्या गावांतली माणसंही हजारोंनी. खाण्यातला बराच भाग अजून बाहेरून येतो. सामुदायिक मालकीत या मजुरांचा वाटा नाही. म्हणून ऑरोव्हिलच्या स्वावलंबनाचा हिशेब त्यांना धरूनच मांडायला हवा. पाण्याचंही तसंच. ऑरोव्हिलच्या जमिनी गावांच्या शेतांत तुकड्यातुकड्यांनी मिसळल्या आहेत. बांधाने मुरवलेलं पाणी शेजाऱ्याच्या विहिरीत उतरतं आणि शेजाऱ्याच्या बोअरने उपसलेलं पाणी ऑरोव्हिलच्याही भूजलातून कमी होतं. समुद्र एवढा जवळ असताना उपसा वाढला, तर खारं पाणी आत शिरण्याची भीती सर्वांनाच आहे.

डिसेंबर २०२१मध्ये ‘क्राउन’ या वर्तुळाकार रस्त्यासाठी जेसीबी आले आणि समुदायच दुभंगला. १९८८च्या कायद्याने स्थापन झालेल्या ऑरोव्हिल फाउंडेशनला मूळ आराखड्याचं नगर उभारायचं होतं. अनेक रहिवासी वाढलेली झाडं आणि पाण्याच्या वाटा राखून रस्ता वळवा म्हणत होते. एप्रिल २०२२मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण परवानगी घेईपर्यंत काम थांबवायला सांगितलं. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मला रहिवाशांचं म्हणणं पटतं. आराखडा काढला तेव्हा हे पठार उजाड होतं. आज त्याच रेषांखाली पन्नास वर्षांची झाडं आणि पाणी मुरवणारे बांध आहेत, आणि रस्त्याची आखणी त्यांची मोजणी करून नव्याने करता येते.