हायड्रा : नवं डोकं कोणती जनुकं घडवतात?

▪ प्राणी : जेमतेम सेंटीमीटरभर लांब. संथ गोड्या पाण्यात, पाणवनस्पतींना चिकटून राहतो. मधोमध कापला, तर दोन-तीन दिवसांत खालच्या तुकड्याला डोकं येतं आणि वरच्याला बूड. निसर्गअभ्यासक अब्राहम ट्रेंब्ले यांनी १७४० च्या दशकात हे प्रयोगाने दाखवलं.

▪ खूण : काप पडल्यावर काही तासांतच, जिथे डोकं येणार त्या टोकाच्या पेशींत ‘डब्ल्यूएनटी-३’ जनुक जागं होतं. तोंडाभोवतीची शुंडकं फुटण्याआधीच रंजकाच्या साहाय्याने ते टोक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतं.

▪ महाराष्ट्रात : पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने हायड्रातलं, शरीराच्या घडणीत भाग घेणारं ‘नॉगिन’ हे आणखी एक जनुक वेगळं केलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात ते बेडकाच्या भ्रूणातही परिणाम घडवतं, हे दिसलं. म्हणजे शरीर घडवण्याची जनुकांची ही भाषा फार जुनी आणि सामाईक आहे.

▪ धाराशिवच्या शाळांसाठी : तळ्यातल्या पाणवनस्पती त्याच पाण्यासह काचेच्या बरणीत ठेवा, ऊन लागू देऊ नका. दुसऱ्या दिवशी काचेवर शुंडकं पसरलेले, बारीक धाग्यांसारखे हायड्रा भिंगाने शोधा. संशोधनाची सुरुवात अशीच होते.