अक्षरांची मालकी : खिळ्यापासून युनिकोडपर्यंत

ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पिढीने आपल्यापैकी अनेकांकडून पाटीवर ‘ळ’ गिरवून घेतला. अक्षर ही कुणाची खाजगी मालमत्ता असू शकते, असा विचार त्या वयात मनाला शिवणे शक्यच नव्हते. आज मात्र आपण जो मजकूर वाचतो त्याच्या अक्षरांवर कुठल्या ना कुठल्या संस्थेचा हक्क असतो. हा हक्क कितपत योग्य आहे आणि तो कोठे थांबावा, याचा विचार मराठीच्या दृष्टीने, विशेषतः महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या दृष्टीने, करावा असे मला वाटते.

प्रारंभी तीन गोष्टी वेगळ्या करून घेतल्या पाहिजेत. पहिली लिपी. देवनागरी ही अनेक शतकांची कमाई आहे. तिच्यावर कुणाचाही हक्क पोहोचत नाही. दुसरी गोष्ट अक्षराचे वळण. एकच ‘क’ जाड, बारीक, गोलसर अथवा ताठ काढता येतो; तो तसा रेखाटणे ही कलावंताची निर्मिती असते, आणि तिचा मोबदला त्याला मिळणे न्याय्य आहे. तिसरी गोष्ट संकेत. संगणकाच्या पोटात अक्षरे नसतात, अंक असतात. कोणत्या अंकाने कोणते अक्षर ओळखायचे, याविषयीचा करार म्हणजे संकेत. पुढील सर्व विवेचन या भेदावर उभे आहे.

वळणाच्या मालकीचे ठळक उदाहरण जपानमध्ये सापडते. तेथील लिखाणात हिराकाना व काताकाना या दोन वर्णमालांबरोबर कांजी ही चिनी वंशाची चिन्हे येतात. १९९० च्या जपानी राष्ट्रीय मानकात अशा ६,३५५ कांजी आहेत. एवढी चिन्हे एकाच वळणात रेखाटणे हे किती प्रचंड काम आहे, याची कल्पना सहज येईल. तरीही मोठ्या कंपन्या स्वतःचे वळण बाळगतात, कारण ते त्यांच्या स्वाक्षरीसारखे असते. १८७२ साली स्थापन झालेल्या शिसेइडो या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत नव्या कलावंतांना कंपनीचे वळण हाताने गिरवावे लागते. यात कुणाचे नुकसान नाही. परंतु शाकेन या संस्थेची कथा निराळी आहे. इशिई मोकिची यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने छायाचित्रणाच्या तंत्राने अक्षरजुळणी रूढ केली. तिची सुंदर अक्षरे केवळ तिच्याच यंत्रांवर चालत. संगणक आले, यंत्रे मागे पडली आणि अक्षरेही त्यांच्याबरोबर अडकून राहिली. सर्वसामान्य संगणकावर ती चालू लागली २०२४ साली, मोरिसावा या दुसऱ्या कंपनीच्या सहकार्याने.

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली तयार झालेल्या जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. पोलादावर अक्षर कोरायचे, त्याचा ठसा तांब्यात उमटवायचा आणि त्या साच्यात शिशाचा मिश्र धातू ओतायचा, अशी ती कृती होती. राणोजी रावजी आरू यांच्या हाताने कोरलेले ते वळण ‘निर्णयसागरी’ म्हणूनच नावारूपाला आले. ते एका संस्थेचे होते यात शंका नाही. तथापि, खिळे एकदा विकत घेतले की ते मुद्रकाचे होत आणि छापलेले पान ज्याला वाचता येई त्याचे होई. पान वाचण्यासाठी निर्णयसागरकडे परत जावे लागत नसे. ‘अ’, ‘झ’, ‘ण’ यांची मुंबई वळणाची रूपे पुढे हिंदीच्या प्रमाण लिपीनेही स्वीकारली, हे या मोकळेपणाचेच फळ होय.

हा मोकळेपणा संगणकाच्या आरंभकाळात संपला. १९९१ मध्ये भारतीय भाषांसाठी ‘इस्की’ हा राष्ट्रीय संकेत जाहीर झालेला असूनही श्रीलिपी, आकृती, कृतीदेव यांसारख्या लोकप्रिय टंकांची अंकांची मांडणी आपापली होती. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवण्याची ती युक्ती होती. ‘ख’ हा अर्धा ख आणि काना अशा दोन तुकड्यांनी बने. ‘कि’ मधली वेलांटी व्यंजनाच्या आधी नोंदली जाई. डोळ्यांना मजकूर मराठी दिसे, यंत्राच्या लेखी तो रोमन खुणांचा ढीग असे. शब्द शोधणे, ते अकारविल्हे लावणे, मजकूर दुसऱ्याला पाठवणे, सारेच अडे.

याची झळ मी जवळून पाहिली आहे. माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध १९९० च्या दशकात भोपाळमध्येच अशा एका टंकात जुळवला गेला. काही वर्षांनी तो पुस्तकरूपाने काढायचे ठरले, तेव्हा फ्लॉपीवरील मजकूर नव्या संगणकावर निरर्थक रोमन खुणांच्या रूपात उमटला. मूळ टंक मिळेना. जुळणी करून देणाराही व्यवसाय बंद करून गेला होता. बांधीव कागदी प्रत समोर ठेवून तीनशेहून अधिक पाने पुन्हा जुळवावी लागली. विचार तिचे, श्रम तिचे, आणि किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात!

या कोंडीतून वाट काढली ती युनिकोडने. जगातील लिप्यांसाठीच्या या सार्वजनिक संकेताची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली. देवनागरीला तो सर्वसामान्यांच्या संगणकावर भेटला विंडोज २००० बरोबर आलेल्या ‘मंगल’ या टंकामुळे. तो घडवला मुंबईच्या आय. आय. टी.त अध्यापन केलेले मराठी अक्षरकलावंत र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी. ‘मंगल’ मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा आहे. पण त्यात लिहिलेला मजकूर दुसऱ्या कोणत्याही युनिकोड टंकात जसाच्या तसा वाचता येतो, कारण वळण कंपनीचे असले तरी संकेत सर्वांचा आहे. पुढे मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’, ‘बलू’ यांसारखे टंक खुल्या परवान्याने दिले आणि वळणही सर्वांना मोकळे झाले.

मग मराठी माणसाची चिंता मिटली काय? पूर्णतः नाही. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला आली आणि नागपूरकडची अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. येथे छापल्या जाणाऱ्या लग्नपत्रिकांत व मंडळांच्या अहवालांत ‘ळ’ चा ‘ल’ झालेला आपण पाहत आलो आहोत. त्याहून सूक्ष्म प्रश्न रफाराचा आहे. ‘आचार्यांना दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यांना दक्षिणा दिली’ यांत गुरुजींचा सन्मान होतो की स्वयंपाक्याचा, हे त्या एका आडव्या ‘र’ वर ठरते! हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून हिंदीपुरत्या घडवलेल्या टंकात तो विसरला जाण्याचा धोका असतो. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले तेही २००८ साली. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ निश्चित केले. आजच्या चांगल्या टंकांत ही रूपे दडलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे संगणकाला सांगितले, की ती प्रकट होतात. न सांगितल्यास हिंदी वळण उमटते.

तात्पर्य एवढेच की, वळणाची मालकी समाजाला सोसते, संकेताची सोसत नाही. वळण विकत घेता येते, बदलता येते, त्याच्यावाचून चालवताही येते. संकेत दुसऱ्याच्या हाती गेला, तर आपले लिखाणच त्याच्या हाती जाते.

यातून आपल्या शाळेसाठी दोन कामे निघतात. जुन्या टंकांत जुळवलेल्या पुस्तिका व स्मरणिका ज्या माजी विद्यार्थ्यांपाशी तबकड्यांवर असतील, त्यांनी त्या शाळेकडे सुपूर्द कराव्यात, म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेता येईल. परिवर्तक प्रणाली उपलब्ध आहेत, मात्र प्रत्येक पान मराठी जाणणाऱ्या डोळ्यांखालून गेले पाहिजे. दुसरे असे की, पाटीवर ‘ळ’ गिरवून घेणाऱ्या या शाळेने आता कळफलकावरचा ‘ऱ्य’ ही मुलांकडून गिरवून घ्यावा.