घसारा न लागणाऱ्या मोटारी

उद्यमबागेत माझ्या मामांचे मोटार दुरुस्तीचे गॅरेज आहे. तेथे पाने-पकडी टांगलेल्या फळीच्या वर एक जुने कॅलेंडर लटकलेले असते. त्याचे वर्ष केव्हाच संपले. तारखांचा भाग मामांनी फाडून टाकला, चित्र मात्र ठेवले. चित्रात रुपेरी रंगाची, वरून उघडी अशी एक मोटार आहे आणि तिच्या नाकावर लाल रंगात ७२२ हा आकडा आहे. आत दोन माणसे. एकाचे हात स्टिअरिंगवर, दुसऱ्याची मान खाली. लहानपणी मला वाटे, हा दुसरा घाबरून खाली बघत असावा.

"काय बघूलालास रे एवढं?" गेल्या सुट्टीत मामांनी विचारले. "त्या वेळच्या गाड्या म्हणजे गाड्या होत्या बघ. आताच्यात काय आहे? सगळा कॉम्प्युटर!"

आता मामांचा जन्म १९७० नंतरचा, आणि बेळगावचा. त्या वेळच्या शर्यतींच्या गाड्या त्यांनी कधी पाहिलेल्या नाहीत. जे पाहिलेच नाही त्याची आठवण येऊन माणूस हळहळतो, हे मला नवल वाटले, आणि परीक्षा तोंडावर असताना मी हा विषय वाचत बसलो. आमच्या वर्गातला कन्नड विभागाचा एक मित्र सहकारी पतपेढ्यांवर लेख लिहीत होता. त्याने माझे टिपण पाहून विचारले, "याकपा? बी. कॉम.च्या पोराला हे कशाला?" त्याला दिलेले उत्तर हाच हा लेख समजावा.

प्रथम त्या आकड्याविषयी. इटलीत १९२७ पासून 'मिले मिलिया' म्हणजे 'हजार मैल' नावाची शर्यत होत असे. ब्रेशा गावाहून निघायचे, रोमला जायचे आणि परत ब्रेशाला यायचे. अंतर सुमारे १६०० किलोमीटर. बेळगावहून पुण्याला दोनदा जाऊन आले तरी दोनशेच्या वर किलोमीटर उरतात. यासाठी वेगळा मार्ग बांधलेला नव्हता. नेहमीचेच रस्ते, मध्ये गावे, पूल, घाट, आणि दोन्ही कडांना वेशीवर जत्रा पाहावी तशी उभी असलेली माणसे. मोटारी एकदम सुटत नसत. लहान गाड्या आदल्या रात्रीपासून एकेक करून सोडत आणि मोठ्या गाड्या सकाळी. गाडीवर जो क्रमांक असे, ती तिची सुटण्याची वेळ. म्हणजे मामांच्या चित्रातली गाडी १ मे १९५५ रोजी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी सुटली. मर्सिडीज कंपनीची '३०० एसएलआर'. चालवणारा स्टर्लिंग मॉस, इंग्रज, वय पंचवीस. आणि तो मान खाली घातलेला दाढीवाला म्हणजे डेनिस जेन्किन्सन. हा धंद्याने पत्रकार; पण साइडकारच्या शर्यतीत एरिक ऑलिव्हरचा जोडीदार म्हणून १९४९ साली विश्वविजेता झालेला.

जेन्किन्सन घाबरलेला नव्हता, तो वाचत होता! शर्यतीआधी दोघांनी तो रस्ता पुन्हा पुन्हा पालथा घातला होता, आणि कोणते वळण कसे, कोणत्या चढापलीकडे रस्ता सरळ आहे, हे सारे कित्येक फूट लांब कागदावर लिहून त्याची गुंडाळी एका डबीत बसवली होती. ती गुंडाळी फिरवत तो मॉसला हाताने खुणा करी, कारण इंजिनाच्या आवाजात बोललेले ऐकू येणे शक्य नव्हते. चढापलीकडचा रस्ता दिसत नसताना केवळ शेजाऱ्याच्या हाताच्या खुणेवर विश्वास ठेवून मॉसने वेग कमी केला नाही. दहा तास, सात मिनिटे, अठ्ठेचाळीस सेकंदांत ते परत आले. सरासरी ताशी १५७ किलोमीटरांहून अधिक. त्याच कंपनीच्या तशाच गाडीतून एकट्याने आलेला हुआन मॅन्युएल फान्जिओ दुसरा आला, तो सुमारे बत्तीस मिनिटांनी. मॉसची ती वेळ पुढे कोणालाच मोडता आली नाही. का, ते पुढे येईलच.

आता आमच्या विषयाकडे वळतो. हिशोबशास्त्रात आम्हाला डिप्रिसिएशन शिकवतात, मराठीत घसारा. मोटार शोरूममधून बाहेर पडली की तिची किंमत उतरू लागते आणि आपण दरवर्षी ठरावीक टक्के कापत जातो. पाच-दहा वर्षांनी उरते ती भंगाराची किंमत. हे आम्ही पाठ केले, पेपरात लिहिले, गुणही मिळवले. आणि मग मी वाचले की मे २०२२ मध्ये जर्मनीत १९५५ सालची एक मोटार लिलावात १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली, म्हणजे हजार कोटी रुपयांहून अधिक! ती ह्याच ३०० एसएलआरची बंद टपाची बहीण. कंपनीचे अभियंते रुडॉल्फ उलेनहाउट यांच्या नावाने ती ओळखली जाते. तशा दोनच तयार झाल्या, आणि गंमत अशी की त्यांपैकी एकही कधी शर्यतीत धावली नाही. म्हणजे घेणाऱ्याने विजयाचे पैसे मोजले नाहीत. त्याने एका काळाच्या आठवणीचे पैसे मोजले. ताळेबंदात गुडविल नावाची एक न दिसणारी मालमत्ता असते. येथे लोखंडाची किंमत नाममात्र आणि बाकी सगळे गुडविल.

हे गुडविल आले कोठून, ह्याचा मी बराच विचार केला. एक तर त्या काळी गाडीचा रंग देशाचा असे. इंग्रजांची हिरवी, इटलीची तांबडी, फ्रान्सची निळी, जर्मनांची रुपेरी. १९६८ साली जाहिरातींना मोकळीक मिळाली आणि लोटस संघाच्या गाड्या सिगारेटच्या पाकिटाच्या रंगात रंगल्या. त्यानंतर गाडी म्हणजे धावता फलक झाला. मी वाणिज्याचा विद्यार्थी असल्याने जाहिरातीला नावे ठेवणार नाही, पैसा कोठून तरी यावाच लागतो. पण देशाच्या रंगात जी शान होती ती सिगारेटच्या रंगात नव्हती, एवढे मान्य करावे लागेल. दुसरे असे की माणूस दिसत असे. आज ड्रायव्हर खोल खोबणीत बसतो, शिरस्त्राणाचा टवका तेवढा दिसतो. त्या वेळी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कोपरे, चेहऱ्यावरचे काजळ, सगळे प्रेक्षकांपुढे.

४ ऑगस्ट १९५७ ची जर्मनीतली न्यूरबुर्गरिंगची शर्यत घ्या. तेथे एक फेरीच बावीस किलोमीटरांहून मोठी, डोंगर-जंगलातून. सेहेचाळीस वर्षांचा फान्जिओ मासेराती घेऊन मुद्दाम अर्ध्या टाकीवर निघाला, पुढे गेला, मध्ये इंधन आणि टायरांसाठी थांबला. तेथे हिशोब चुकला. परत रस्त्यावर आला तेव्हा हॉथॉर्न आणि कॉलिन्स हे फेरारीवाले दोघे पाऊण मिनिटाहून अधिक पुढे निघून गेले होते. मग त्या गृहस्थाने प्रत्येक फेरीत आधीचा विक्रम मोडावा तसे चालवून दोघांनाही गाठले आणि ३.६ सेकंदांनी जिंकला. त्याचे पाचवे विश्वविजेतेपद तेथेच पक्के झाले. मी ही हकीकत तीन ठिकाणी वाचली आणि तिन्ही वेळा शेवट माहीत असूनही घाईघाईने पान उलटले. तेव्हा मामा अगदीच खोटे बोलत नाहीत.

पण दुहेरी नोंदीचा नियम असा की एक बाजू लिहिली की दुसरीही लिहावी लागते. जुन्या शर्यतींचे गोडवे गाणारे नेहमी जमेचेच पान उघडतात.

मॉसच्या विजयानंतर सहाच आठवड्यांनी, ११ जून १९५५ रोजी, फ्रान्समध्ये ल मां येथे चोवीस तासांची शर्यत होती. तेथे पिएर लेव्हेघ नावाचा ड्रायव्हर ३०० एसएलआरच चालवत होता. पुढच्या गाडीवर आदळून त्याची गाडी उडाली, बांधावर फुटली, आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. लेव्हेघ आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक मेले. शर्यत थांबवली नाही. ती दुसऱ्या दिवशी संपेपर्यंत चालली. मर्सिडीजने रात्री आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या आणि त्या वर्षाअखेर शर्यतींतूनच अंग काढून घेतले. हजार कोटींची ती बंद टपाची गाडी शर्यतीत धावली नाही ती ह्याचमुळे. लिलावाच्या बोलीत हे ऐंशी जण कोणत्या रकान्यात धरले असतील?

आणि मॉसचा विक्रम का टिकला, तर १९५७ च्या मे महिन्यात मिले मिलियातच ग्विदित्सोलो गावाजवळ द पोर्तागो ह्याच्या फेरारीचा टायर फुटला. तो, त्याचा जोडीदार आणि रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक ठार झाले. त्यांत पाच मुले होती. शर्यत कायमची बंद झाली. विक्रम मोडायला ती उरलीच नाही. आज त्याच नावाने जुन्या गाड्यांचा जो सोहळा होतो त्यात शर्यत नसते, नेमून दिलेल्या वेळेत अंतर काटायचे असते.

१९६८ चे एप्रिल, मे, जून आणि जुलै असे ओळीने चार महिने, महिन्याला एक, ड्रायव्हर गेले: क्लार्क, स्पेन्स, स्कारफियोत्ती, श्लेसर. १९७३ साली हॉलंडमध्ये झांडफोर्ट येथे रॉजर विल्यमसनची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली नावाचा दुसरा ड्रायव्हर स्वतःची गाडी सोडून धावला आणि ती उलटी गाडी एकट्याने सरळ करू पाहू लागला. कर्मचाऱ्यांपाशी आगीत जाण्याजोगे कपडे नव्हते. बाजूने शर्यतीच्या गाड्या जातच होत्या. पर्ली हाच त्या गाडीचा ड्रायव्हर, आणि तो तर सुखरूप दिसतो आहे, असा इतरांचा समज झाला. विल्यमसन वाचला नाही. ह्याची चित्रफीत आहे. ती मी एकदा पाहिली.

हे सारे मी मामांना सांगितले तेव्हा ते एका जीपच्या खाली होते. त्यांचे म्हणणे, धंदा म्हटला की जोखीम आलीच. मग मी जॅकी स्टुअर्टची गोष्ट काढली, कारण मामा आपल्या ओमनीत सीटचा पट्टा पाठीमागून घालून बसतात. का, तर "आग लागली आणि पट्ट्यात अडकून आतच राहिलो तर?" नेमके हेच त्या काळचे ड्रायव्हर म्हणत! बाहेर फेकले गेलेले बरे, असा त्यांचा हिशोब होता.

१९६६ साली बेल्जियममध्ये स्पा येथे पावसात स्टुअर्टची गाडी रस्ता सोडून गेली. पट्टा नव्हता, तरी तो अडकला. स्टिअरिंग पायावर बसले आणि टाकी फुटून अंगावर पेट्रोल. एक ठिणगी पुरे होती. ग्रॅहम हिल आणि बाँडुरांट हे दोघे ड्रायव्हर थांबले, त्यांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला आणि स्टिअरिंग खोलून त्याला काढले. ह्यात पंचवीस मिनिटे गेली. पुढे रुग्णवाहिकाही वाट चुकली. तेव्हापासून स्टुअर्ट आपल्या गाडीच्या स्टिअरिंगला एक पाना चिकटवून ठेवू लागला, आणि पट्टे, कठडे, डॉक्टर ह्यांच्यासाठी भांडू लागला. भित्रा म्हणून त्याची टवाळी झाली. शर्यतीतली मौज त्याने घालवली असेही म्हणाले. हा 'भित्रा' तीनदा विश्वविजेता झाला.

मामा जीपखालून बाहेर आले. हात पुसत पुसत म्हणाले, "कुठं चिकटवला म्हणालास पाना?"

"स्टिअरिंगला."

"रिंग पाना असेल. फिक्स पाना घाईत घसरतो." मग थोडा वेळ कॅलेंडरकडे बघत राहिले.

संध्याकाळी मला घरी सोडताना त्यांनी पट्टा पाठीमागून काढला, पुढून लावला आणि "आजच्या दिवस" असे म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजात गेलो तेव्हा ओमनी बाहेर उभी होती आणि पट्टा परत सीटच्या पाठीमागे होता.