रुग्णाची विचारपूस झाली, सांभाळणाऱ्याचं काय?

लकवा मारून अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांच्या घरी आम्ही गेलो होतो. औषधं, रक्तदाब, जेवण, सगळं विचारून झालं. निघताना त्यांच्या सुनेला सहज विचारलं, "ताई, सलग झोप शेवटची कधी झाली?" त्यांनी फक्त पदर डोळ्यांना लावला. ही आमची चौथी भेट होती. आधीच्या तीन भेटींत आम्हीही हे विचारलं नव्हतं.

पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अशा रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. त्यापायी ताईंची धुण्याभांड्याची कामं सुटली, म्हणजे मिळकतही गेली. मग चिडचिड, रुग्णावर ओरडणं आणि मागाहून त्याचाच अपराधीपणा. अशा वेळी कार्यकर्त्यांनी सेवेचं महत्त्व सांगत बसू नये. ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

अतिसाराने आजारी भिक्खूची तथागतांनी शुश्रूषा केली, ही महावग्गातली कथा आपण विहारात ऐकतो. त्यात एक बारकावा आहे. पाणी बुद्ध ओततात, अंग आनंद धुतात आणि दोघं मिळून त्या भिक्खूला उचलून मंचकावर निजवतात. तिथेही काम एकट्यावर नाही.

म्हणून आमचं पहिलं काम घरातली वाटणी. ताईंचे पती म्हणाले, "तिलाच जमतं." जमतं, कारण दुसऱ्या कुणी शिकून घेतलं नाही! चादरीच्या आधाराने कूस कशी वळवायची हे त्यांना दोनदा करून दाखवलं. रात्रीची एक पाळी त्यांची ठरली. रविवारी दुपारी तीन तास शेजारच्या मावशी बसतात. वस्तीतल्या युवकांनी असे तीन तास जरी वाटून घेतले तरी मोठी मदत होते.

कागदपत्रांची धावपळ आपण करावी. दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढलं की, उत्पन्नाच्या अटीत बसल्यास, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे. हे बहुतेक घरांना ठाऊक नसतं. निवेदन देताना कलम लिहून द्या.

सांभाळणारी व्यक्ती "सुटका झाली तर बरं" असं बोलू लागली, तर ते थट्टेवारी नेऊ नका. स्पष्ट विचारा, एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत बोलता येतं.

पाचव्या भेटीत ताई नवऱ्याची तक्रार सांगत होत्या, "चादर नीट ताणत नाहीत हो, सुरकुत्या राहतात." आम्ही त्यांना पुन्हा एकदा चादर ताणायला शिकवलं. ताई तोवर आत जाऊन आडव्या झाल्या होत्या.