नामसिमरन : घोटीच्या वाचकांसाठी

स्वरूप : 'वाहेगुरू' या गुरुमंत्राचे, चित्त एकवटून, प्रथम वाणीने आणि पुढे केवळ अंतःकरणाने केलेले स्मरण म्हणजे नामसिमरन होय. सूर्योदयापूर्वीच्या अमृतवेळी, स्नानोत्तर, ते करावे आणि गुरु नानकांच्या ३८ पौडींच्या 'जपजी'चा पाठही करावा, असा शीख पंथाचा दस्तूर आहे.

व्याधी व उपशम : 'हउमै', म्हणजे अहंभाव, हाच मनुष्याचा दीर्घ रोग आणि नाम हेच त्याचे औषध, अशी गुरुबाणीची धारणा असल्यामुळे आजारपणातही अनेक कुटुंबे गुरु अर्जनदेवांच्या २४ अष्टपदींच्या 'सुखमनी'चा आश्रय घेतात; मात्र नामाने मनास धीर लाभला, तरी वैद्याचे उपचार खंडित करू नयेत.

मराठी मुलखाशी नाते : ज्या ग्रंथास गुरु गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेड मुक्कामी गुरुपद दिले, त्या गुरु ग्रंथ साहिबात संत नामदेवांची ६१ पदे आदराने समाविष्ट असल्याने, हरिपाठात वाढलेल्या घोटीकरास ही साधना परकी वाटण्याचे कारण नाही.

कोठे जावे : घोटीहून लोहमार्गाने मनमाडला गेल्यास आपल्याच जिल्ह्यातील गुपतसर साहिब गुरुद्वाऱ्याचे, आणि तेथून पुढे नांदेडला पाच तख्तांपैकी एक असलेल्या हजूर साहिबाचे दर्शन घडते.

शिष्टाचार : पादत्राणे बाहेर ठेवून, मस्तक झाकून प्रवेश करावा, जातिधर्माची पृच्छा न होता सर्वांना संगतीत बसता येते आणि लंगरचा प्रसाद एकाच पंगतीत मिळतो.