कानाने वाचलेली कादंबरी

गेल्या महिन्यात एस.टी.च्या लांबच्या प्रवासात इअरफोन लावून मी डी. एच. लॉरेन्सची ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ ही कादंबरी ऐकली. शेजारी एक आजोबा डुलक्या घेत होते. ज्या प्रसंगांमुळे हे पुस्तक न्यायालयात गेले, ते सुरू होताच माझा हात नकळत आवाज कमी करण्याकडे गेला. ऐकणारा मी एकटाच. तरीही चोरी पकडली जाईल असे वाटले. ही भीती आली कोठून?

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचे लक्ष प्रथम किमतीकडे जाते. १९२८ साली लॉरेन्सने ही कादंबरी फ्लॉरेन्समध्ये खाजगीरीत्या छापली, तेव्हा प्रतीस दोन पौंड पडत. बंदी तेव्हाही होती. परंतु १९६० साली पेंग्विनने संपूर्ण कादंबरी अवघ्या साडेतीन शिलिंगांत, दोन लाख प्रती छापून काढली, तेव्हा लंडनमध्ये खटला उभा राहिला. आपल्या पत्नीने किंवा नोकराने हे पुस्तक वाचावे असे आपणांस वाटेल काय, असे सरकारी वकिलाने ज्यूरीस विचारले. ज्यूरीत तीन स्त्रिया होत्या! ज्यूरीने प्रकाशकास निर्दोष ठरविले. आपल्याकडे मात्र १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने याच पुस्तकाबद्दल मुंबईच्या एका विक्रेत्याची शिक्षा कायम केली. त्यासाठी वापरलेली कसोटी १८६८ सालची, इंग्लंडमधली होती : पुस्तक कोणाच्या हाती पडेल आणि त्याचे मन बिघडेल काय? ही कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बाजूस सारली.

कायद्याची चिंता हातांची होती. आता पुस्तक कानात शिरले आहे. त्याला वर्तमानपत्राचे वेष्टन घालावे लागत नाही. परंतु कानाचा एक गुण आहे. डोळा ‘तेवढीच’ पाने शोधून उरलेली सोडतो. ऐकणारा सहसा निवेदकाच्या चालीने चालतो. त्यामुळे कोळशाच्या खाणी, युद्धात पंगू झालेला नवरा, कॉनीचा एकटेपणा, हे सारे ऐकावे लागते. मग ते प्रसंगही चटोर न वाटता दोन दुखावलेल्या माणसांचे वाटतात. लहान मुलांना जपावे, हे निर्विवाद. प्रौढांना मात्र अर्धवट चोरून वाचण्यापेक्षा पूर्ण ऐकणेच अधिक हितकारक.

घरी परतल्यावर महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीने विचारले, “बाबा, प्रवासात काय ऐकलंत?” मी घुटमळलो. एखाद्या आर्थिक ग्रंथाचे नाव जिभेवर आलेही होते. त्या क्षणी उमगले, की साठ वर्षांहून अधिक काळानंतर त्या सरकारी वकिलाच्या खुर्चीवर मीच बसलो आहे. मी तिला कादंबरीचे खरे नाव सांगितले.

ती म्हणाली, “मी मागच्या वर्षीच ऐकली.”